एक तृतीयांश उंचीवर

मातीचा जोर भिंतीला सगळीकडे सारखा लागत नाही.
वर, जिथं सोसायटीची मुलं पाय सोडून बसणार आहेत,
तिथं जवळपास शून्य.
खाली उतरावं तसा वाढत जातो, त्रिकोणासारखा,
आणि त्या सगळ्या त्रिकोणाचा मिळून एकच धक्का
पायथ्यापासून एक तृतीयांश उंचीवर.
वहीत मी तिथं बाण काढते.
तेहतीस वर्षं झाली,
अजून बाणाचं टोक जरा जास्तच दाबते.

समा गावामागं विश्वामित्रीची कोतरं.
घळ म्हटलं तर कडियाला कळत नाही,
म्हणून मीही कोतर म्हणते, आता घरीसुद्धा.
साडेचार मीटर उभा तुटलेला काठ,
खाली गाळात मगरीच्या पोटाची ओढत गेलेली खूण,
वर अठरा घरं, एक जनरेटर, लिंबाचं एक झाड
आणि चेअरमन पारसनीसकाका:
"बाई, भिंत हलणार नाही ना?"

हलेल, मी म्हणते.
साधारण साडेचार मिलिमीटर.
हलायलाच हवी.
काका चहाचा कप बशीत ठेवतात.

अजिबात न हलणाऱ्या भिंतीवर
माती सगळं अंग टाकते.
भिंत नदीकडे केसभर कलली
की कणाला कण अडतो, घासतो,
माती आपलं आपण थोडं सावरून घेते
आणि उरेल तेवढंच भिंतीकडे पाठवते.
हे मी काकांना कागदावर काढून दाखवलं.
ते म्हणाले, "पण हलणार नाही ना?"

हर्षदभाई कंत्राटदाराचं दुखणं वेगळं:
"बेन, आ बाकोरां शेनां?"
भिंतीला तीस भोकं, दोन रांगांत.
पाइपचे पैसे, शिवाय साप येतील, शिवाय दिसतं कसं.

मला गोत्रीची भिंत आठवते.
माझी पहिली. भोकं दिसायला वाईट म्हणून
कुणीतरी गिलावा मारून टाकला, वर पिवळा रंग.
सप्टेंबरात ती पडली असं नाही म्हणता येणार,
एकसंध आडवी झाली, दमलेल्या माणसासारखी.
खाली एक स्कूटर, तेवढंच.
तिथला पाइपचा तुकडा माझ्या टेबलावर आहे,
बिलं उडू नयेत म्हणून.

माती ऐकते थोडंफार.
पाणी नाही ऐकत.
त्याला घासणं नाही, अडणं नाही,
जेवढं खोल तेवढं सरळ ढकलणं.

नानसिंग राठवाला हे समजवावं लागलं नाही.
त्याच्याकडे डोंगरात चुन्याशिवाय दगड रचतात
आणि फटी तशाच सोडतात.
प्रत्येक पाइप त्यानं बाहेरच्या अंगाला उतरता बसवला,
तोंडाशी जाळी, मागं गोटे, त्यामागं रेती,
आणि दर वेळी तळवा आत घालून पाहिलं,
म्हशीचं जनावर तपासतात तसं.
पाया मी दीड मीटर खाली नेला होता.
मगर काठात बीळ करते;
तिला नकाशा दाखवता येत नाही.

ऑगस्टात, रात्री पावणेतीनला फोन.
"बाई, भिंत गळतेय."
गळू दे काका.
"अहो, नुसती गळत नाही, धारा लागल्यात!"
छान. किती धारा?
"म्हणजे?"
बॅटरी घ्या. कडेकडेनं जा. मोजा.

फोन चालूच राहिला.
चपलांचा चिखलातला आवाज,
मधेच कुणीतरी "काका, खाली बघा, खाली",
काकांचं मोठ्यानं मोजणं,
शाळेत पाढे म्हटल्यासारखं.
मी खिडकी उघडली. इथंही तोच पाऊस.

"एकोणतीस," काका म्हणाले.
"तिसावं कोरडं आहे. चांगलंच ना ते?"

कितवं, मी विचारलं.
खालच्या रांगेतलं का?

आणि दिवा लावून वही शोधू लागले.